गाडीखान्याची मापं

आमच्या आजोळच्या वाड्यात शिरायचं तर उंच माणसाला वाकावं लागतं. दिंडीतून आत, गुडघाभर उंबरा ओलांडून देवडी, तिथून काटकोनात वळलं की चौक. कुणी सरळ, वेगात, न विचारता आत येऊ नये अशीच ती रचना आहे. याच वाड्याच्या उत्तर अंगाला, कुसाच्या भिंतीला लागून, एक इमारत आहे जिचं काम नेमकं उलटं. न वाकणारी, उंबरा न ओलांडणारी, सहा फूट रुंद वस्तू सरळ आत यावी म्हणून ती बांधली. तो गाडीखाना. वाड्यातली एकूण एक खोली माणसाच्या मापाची आहे, ही एकच गाडीच्या मापाची.

हे मला लगेच दिसलं, कारण माझा धंदाच तो. आर्किटेक्ट असले तरी माझी बरीच नोकरी पुण्यातल्या इमारतींच्या तळघरांत पार्किंग बसवण्यात गेली आहे. अडीच मीटर बाय पाच मीटरची एक खाच, मध्ये गाडी वळायला जागा, खांब कुठे आडवा येतो ते बघायचं. माझ्या कामाचं नातेवाइकांना कधी कौतुक वाटलेलं नाही. मामाने बोलावलं तेही कौतुकाने नव्हे. सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी असलेला हा गाडीखाना गळत होता, एका कमानीला मूठ जाईल अशी भेग होती, आणि एका ठेकेदाराने सगळं पाडून स्लॅब टाकून देतो म्हणून आकडा दिला होता. "तू फक्त धोकादायक आहे म्हणून लिहून दे," मामा म्हणाला. मी म्हटलं, आधी मोजू दे.

मोजणीला माझ्याबरोबर मामेभाऊ होता आणि बापू होते. बापूंचे वडील या वाड्याचे शेवटचे कोचमन. बापूंनी स्वतः घोडागाडी हाकली ती लहानपणी, वडिलांच्या मांडीत बसून, पण वडिलांचं बोलणं त्यांच्या तोंडात जसंच्या तसं होतं. फीता धरायला बोलावलेला हा माणूस निम्म्या प्रश्नांची उत्तरं घेऊन येईल असं वाटलं नव्हतं.

जुनी इमारत मोजायची म्हणजे लांबी-रुंदी घेऊन भागत नाही. काटकोन कुठेच नसतो. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे, भिंतीला ओळंबा लावून वर आणि खाली किती फरक पडतो ते लिहायचं, आणि पाण्याच्या नळीने सगळ्या इमारतीभर एक पातळी मारून घ्यायची. त्या रेषेपासून वर छप्पर, खाली जमीन. ही शेवटची गोष्ट लोक टाळतात, कारण कंटाळवाणी आहे. आम्हाला पहिली बातमी तिनेच दिली. गाडीखान्याची फरशी सपाट नव्हती. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत ती एकसारखी चार बोटं उतरत होती. दारासमोरची घडीव काळ्या दगडाची फरसबंदी आणखी थोडी उतरून एका दगडी पन्हळीला मिळत होती. मामाला इतकी वर्षं वाटत होतं की जमीन खचली आहे. ती मुद्दाम केलेली उतरती होती. गाडी घाटातून यायची ती चिखलाने माखलेली. ती समोर फरशीवर धुवायची, पुसायची, मग आत लोटायची; आत ठिबकलेलं पाणीही चाकाखाली साचू नये, बाहेर यावं.

लोटायची म्हणजे माणसांनी. हे बापूंकडून कळलं. मी नकाशावर घोड्यांसकट गाडी आत जाताना काढून बघत होते आणि ती कुठूनच बसत नव्हती. बापू बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, घोडं आत कशाला जातंय? घोडं हितंच सोडायचं, ठाणावर बांधायचं. मग दोघांनी दांडी धरायची आन् गाडी माघारी लोटायची. दांडी काढून आढ्याला टांगायची." एवढ्यावर सगळी मापं जुळली. कमान साडेआठ फूट रुंद, दोन कमानींमधला दगडी खांब अडीच फूट, म्हणजे एका गाडीला अकरा फूट. आत खोली वीस फूट. घोडे नाहीत, दांडी नाही, तर गाडी बारा फुटांच्या आत बसते. उरलेल्यात माणसाने फिरून चारी बाजूंनी पुसायला जागा. माझ्या तळघरातल्या खाचेपेक्षा ही बरीच ऐसपैस आहे.

कमानींच्या दोन्ही पायांशी जमिनीतून बाहेर डोकावणारे गोल दगड आहेत. लहानपणी आम्ही त्यावर बसायचो. चाक कमानीच्या चिऱ्याला घासण्याआधी या दगडाला लागून बाजूला सरकावं म्हणून ते बसवलेले. त्यांच्यावर चाकांच्या लोखंडी धावांचे ओरखडे अजून आहेत, आणि सगळ्यांवर सारखे नाहीत. डावीकडून दुसऱ्या कमानीचे दगड सगळ्यात जास्त झिजलेत. तिथे रोजची गाडी राहत असणार.

आता इतिहास. तो सांगायचा तर आधी रस्त्यापासून सांगावा लागेल, कारण गाडीखाना रस्त्याशिवाय येत नाही. पेशवाईत सरदार घोड्यावर फिरले, नाहीतर पालखीत. पालखी हा मान होता, सरकारातून मिळायचा. माल घाटातून लमाणांच्या बैलांच्या पाठीवर जायचा. चाकं होती ती शेतावर आणि सपाटीला. बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० साली खुला झाला. त्यानंतर हळूहळू रस्ते, पूल, धर्मशाळा. १८८५ साली छापलेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडलं तर रस्ते आणि घाट यांच्या तपशिलाचीच किती पानं आहेत. त्याच दशकात पुण्याहून दक्षिणेकडे मीटरगेज रेल्वे आली आणि वाठार स्टेशनचं महत्त्व वाढलं. वाई, पाचगणी, महाबळेश्वरला जाणारा माणूस वाठारला उतरायचा आणि पुढे टांग्याने जायचा. आमच्या घरची गाडी पाहुण्यांना आणायला वाठारला जायची, ही कथा मामीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

वाड्यात मोडीतल्या खर्चाच्या वह्या होत्या. पुण्यातल्या एका मोडी वाचकाकडे त्यांतल्या काही नेल्या. इमारतीचा साग, चुना, पाथरवटाची मजुरी असा खर्च सलग लागला तो वाठार स्टेशन सुरू झाल्यानंतरच्या वर्षांतला. त्याच्या पुढच्या वह्यांत चंदी, कडबा, नालबंदी आणि एरंडेल अशी खाती कायमची सुरू होतात. एरंडेल औषधाचं नव्हे. ते कण्याला आणि चामड्याच्या साजाला. म्हणजे इमारतीचं वय गाडीनेच ठरवलं.

वय ठरवताना एक सापळा मात्र सगळ्यांसाठी लावलेला असतो. छपरावरची मंगलोरी कौलं उतरवली तर खालच्या अंगाला बेसल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा छाप आणि १८६५ हे साल. मामेभाऊ आनंदाने उडाला. ते साल कौलाचं नाही, कारखान्याचं आहे. बेसल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे कौलांवर ते साल मिरवत राहिलं. आमच्या छपरावर तर त्याच्याच शेजारी 'कॉमनवेल्थ' छापाची कौलंही निघाली. पहिल्या महायुद्धात मिशन परक्यांची म्हणून तिचे कारखाने ताब्यात घेतले गेले आणि पुढे ते या नव्या नावाने चालले. छप्पर दोनदा-तीनदा तरी शाकारलं गेलं आहे एवढाच त्याचा अर्थ. कौलावरचं साल वाचून इमारतीला दीडशे वर्षं झाली म्हणून पाटी लावलेले वाडे मी पाहिले आहेत, त्यांना काही सांगायला जात नाही.

खरा मजकूर छपराच्या आत होता. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या या लांबलचक कौलारू छपराखाली दोन वेगळ्या इमारती आहेत. पूर्वेकडचा भाग तबेला. तिथे वाड्याचीच पद्धत: सागाचे खांब, त्यावर तुळया, त्यावर कडीपाट, वर माळा. खांब सहा-सहा फुटांवर. एका ठाणाला सहा फूट रुंदी पुरते, मधल्या खांबालाच आडवं लाकूड ठोकून घोड्यांना वेगळं करता येतं, गव्हाण मागच्या भिंतीला. जुन्या सुताराला यात नवं काहीच शिकावं लागलं नसणार. माळ्यावर कडबा आणि गवत, खाली थेट गव्हाणीत टाकायला फळीत चौकोनी भोक.

पश्चिमेकडे गाड्यांच्या भागात मात्र मध्ये खांब चालत नाही. वीस फूट मोकळे हवेत. इथे वाड्याचा सुतार अडला असता. म्हणून तिथे विलायती कैची आहे, सार्वजनिक बांधकाम खात्याने डाक बंगल्यांपासून मामलेदार कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे नेली तीच. दोन तिरके वासे, खाली आडवं लाकूड, मध्ये उभं लाकूड, सांध्यांना लोखंडी पट्ट्या आणि पाचरी. गाड्यांवर माळा नाही, तोही विचार करूनच. वरून भुसा आणि धूळ वार्निशवर पडत राहिली असती.

दोन्ही भागांमधली भिंत दोन फूट जाड आणि तिला एकही दार नाही. मला हे विचित्र वाटलं. कोचमनला तबेल्यातून गाडीखान्यात यायला पावसातसुद्धा बाहेरून वळसा. याचं कारण विलायती पुस्तकांत मिळतं: घोड्याच्या मुताचा अमोनिया गाडीचं वार्निश खातो आणि चामडं खराब करतो, म्हणून गाडी आणि घोडा एका हवेत ठेवू नये. इमारतीचं तोंड उत्तरेला असण्याचं कारणही त्याच घराण्यातलं. दक्षिणेचं ऊन रंगावर पडू नये. बापूंच्या वडिलांचं कारण वेगळं होतं. "आईसाब बंद गाडीत बसायच्या. गादीला तबेल्याचा वास आला तर कोचमनची काय धडगत न्हाय." दोन्ही कारणं खरी असायला हरकत नाही.

ती बंद गाडी, म्हणजे तिचं जे उरलं होतं ते, शेवटच्या कोपऱ्यात खताच्या रिकाम्या पोत्यांखाली सापडलं. पुढचा कणा, दोन चाकं, दोन्ही बाजूंचे कमानपाटे आणि दाराची एक चौकट, जिच्यात काच चामड्याच्या पट्ट्याने वरखाली करायची खाच आहे. ठेवण ब्रूहॅमची. लॉर्ड ब्रूहॅमसाठी लंडनमध्ये १८३८ साली पहिली बांधली गेली आणि एक घोडा, दोन माणसं, बंद डबा हा प्रकार जगभर गेला. पुढची चाकं मागच्यापेक्षा लहान, कारण वळताना ती डब्याच्या खाली शिरतात. म्हणून अशी गाडी आमच्या चाळीस फुटी अंगणात वळू शकायची. चाकाच्या मधल्या तुंब्यावरची पितळी टोपी घासली तर 'कॉलिंज पेटंट' एवढी अक्षरं वाचता आली. हा कणा अठराव्या शतकाच्या अखेरचा शोध. आत तेल भरून ठेवायचं, महिनोन् महिने बघायला नको. बैलगाडीची कुणी, म्हणजे चाक अडवणारी खीळ, काढून रोज वंगण घालणाऱ्या गावात ही टोपी लोकांनी मुद्दाम येऊन पाहिली असणार. आता चाकाच्या कडेच्या लाकडी पुठ्ठ्यांची भुंग्याने चाळण केली आहे, पण टोपी फिरवली तर फिरते.

आता भेगेकडे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गाडीखान्याची भेग पडली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नंतर कुणीतरी दोन कामं केली. भेग सिमेंटने भरून अख्ख्या दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, आणि दुसऱ्या कैचीच्या मधल्या उभ्या लाकडाखाली जमिनीपासून दगडी खांब रचला. दोन्ही चांगल्या मनाने केलेली आणि दोन्हींनी नुकसान केलेलं.

कैचीतलं ते मधलं लाकूड दिसायला खांबासारखं दिसतं, पण ते खांब नव्हे. ते वरून टांगलेलं असतं. दोन तिरके वासे वर त्याला चिमटीत धरतात, आणि ते खालच्या आडव्या लाकडाचा मधला भाग लोखंडी पट्टीने उचलून धरतं, लोंबू देत नाही. म्हणजे त्याला ताण असतो, भार नसतो. त्याच्याखाली टेका दिला की सगळी कैची उलटं काम करू लागते. आमच्याकडे पट्टी सैल होऊन हलत होती, आणि पाचर बोटाने निघत होती. ठेकेदाराने नेमका तोच खांब दाखवून "यावरच सगळं उभं आहे" असं मामाला सांगितलं होतं.

टेका काढायचा ठरला तेव्हा मामा अंगणात थांबला नाही. गावातल्या सुताराने आणि लोहाराने मिळून ते काम केलं. माझ्या सर्टिफिकेटपेक्षा त्यांचा हात मोठा होता. आधी आडव्या लाकडाखाली दोन्ही बाजूंना स्क्रू जॅक लावून भार हलकेच उचलून धरला. मग वाशांची टोकं तपासली. भिंतीत शिरणारं टोक बाहेरून ठणठणीत दिसत होतं. सुताराने गिरमिट मारलं तर आतून ओला भुसा आला. सिमेंटचा गिलावा पाणी आत जाऊ देत नाही असं आपण म्हणतो, पण एकदा शिरलेलं पाणी तो बाहेरही येऊ देत नाही. चुन्याच्या भिंतीत पाणी येतं आणि जातं. इथे ते येऊन लाकडाच्या टोकात बसलं होतं. कुजलेला दीड फूट भाग कापून, तिरकी खाच घेऊन, जुन्या सागाचाच तुकडा सांधला, बोल्ट आरपार. तो साग वाईतल्या एका उतरवलेल्या वाड्याचा विकत मिळाला. नवा साग घ्या असं सांगणारे भेटले, पण आज मिळणारं लाकूड इतकं तरुण असतं की जुन्याच्या शेजारी ते आकसत राहतं. मग लोहाराने नवी पाचर घडवली, ती ठोकल्यावर पट्टी ताठ झाली, आणि तेव्हाच दगडी खांबाचा वरचा थर काढला. जॅक रोज थोडा थोडा उतरवला. ओळंब्याने बघत होतो, कैची केसभर बसली आणि थांबली.

चुन्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तिथे सगळ्यात जास्त वेळ, पैसा आणि भांडणं झाली.

कळीचा चुना पाण्यात विरवायचा, चाळायचा आणि पाण्याखाली ठेवून मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका मऊ. विटांची सुरखी आणि वाळू घालून तो घाणीत मळायचा. पूर्वी दगडी चाकोरीत बैल फिरायचा, आम्ही मोटरवरची घाणी भाड्याने आणली. जुने लोक त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालत. यावर साईटवर इतकी मतं निघाली की विचारू नका. कुणी बेलफळ म्हणे, कुणी उडीद, कुणी अंडी. मी भिंतीवर हातभर रुंदीचे नमुने लावून घेतले: एक नुसता, एक गूळ-हिरड्याचा, एकात सुरखी जास्त. सुरखी जास्त असलेला पाण्याला सगळ्यात बरा टिकला, गूळ-हिरड्याचा गवंड्याच्या थापीखाली सगळ्यात बरा चालला. दोन्हींचं मिश्रण धरलं. अंड्यांच्या बाजूने मामी होती, ती अजून नाराज आहे.

सिमेंट खरवडून काढणं हेच मोठं काम. घाईने छिन्नी मारली तर खालचा दगड फुटतो. बेसॉल्ट कठीण, पण कमानीच्या चिऱ्यांच्या कडा बारीक टाकी लावून घडवलेल्या, त्या एकदा उडाल्या की गेल्या. सिमेंट निघालं तेव्हा भेग कमानीच्या माथ्याशी सुरू होऊन वर सरळ जाताना दिसली आणि मला हायसं वाटलं. कमानीच्या पायाशी तिरकी भेग असती तर पाया सरकल्याची शंका आली असती. माथ्याची भेग म्हणजे भिंत केसभर बाहेर झुकून कमान उघडली, एवढंच. लाकडी टेक्यांवर कमान धरून सरकलेला माथ्याचा दगड पुन्हा बसवला, दरजा चुन्याने भरल्या, आणि भिंत पुन्हा बाहेर झुकू नये म्हणून दोन कैच्यांच्या टोकांना लोखंडी सळ्या घालून त्या मागच्या भिंतीला अडकवल्या. बाहेर त्यांच्या चकत्या दिसतात. त्या लपवा असं मामाचं म्हणणं होतं, मी ऐकलं नाही.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो, त्याला ओल लागते आणि ऊन नको असतं. दिवाळीनंतर लावायला घेतला आणि गोणपाटं ओली करून टांगली. पाणी मारायची जबाबदारी मामेभावाकडे दिली, ती बापूंनी निभावली.

उजवीकडच्या दोन कमानींबद्दल अजून बोलले नाही, कारण तिथे कमानी नाहीतच. मधला दगडी खांब काढून साडेएकोणीस फुटांचं एकच तोंड केलेलं आहे आणि वर दोन लोखंडी तुळया आहेत. रंग खरवडल्यावर तुळईच्या अंगावर उठावाची अक्षरं आली: डॉर्मन लाँग, इंग्लंड. मिडल्सबरोची ही कंपनी १८७५ ची. एवढं तोंड का लागलं हे मला बापूंना विचारावं लागलं नाही, हा माझा विषय. घोडागाडी हाताने सरळ लोटता येते, म्हणून तिला आपल्यापुरती कमान पुरते. मोटार स्वतःच्या जोरावर वळत वळत येते, तिला आजूबाजूला जागा हवी. आत जमिनीत, फळ्यांनी झाकलेला, माणूस उभा राहील इतका खोल लांबट खड्डाही निघाला. मोटारीच्या पोटाखाली उतरून काम करायचा खड्डा. मुंबईत पहिल्या मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आल्या. इथे केव्हा आली ते वहीत सापडलं नाही, पण नालबंदीचं खातं एका वर्षी बंद होतं आणि पेट्रोलच्या डब्यांचं सुरू होतं. लोक म्हणतात, मूळ चार कमानी होत्या तशा परत करा. मला ते पटत नाही. तो खांब काढणं हा या इमारतीचा तिसऱ्या-चौथ्या दशकातला निर्णय नसून तिचा स्वभाव आहे: जी गाडी येईल तिच्या मापाने उघडायचं. लोखंडी तुळया मध्ये बोटभर वाकल्या होत्या, कारण एका कैचीचं टोक नेमकं त्यांच्या मध्यावर बसतं. गंज घासून, रंग देऊन, त्यांच्या मागच्या अंगाला तिसरी तुळई जोडली.

१९४८ चा कूळकायदा आणि १९५२ चा इनाम निर्मूलन कायदा यांनंतर गाड्या ठेवण्यासारखं उत्पन्न राहिलं नाही. घोडे आधीच गेले होते, साज गेला, मोटार गेली. पुढे इथे कडबाकुट्टीचं यंत्र, ऑइल इंजिन, खताची पोती. खताच्या खारीने फरशीजवळचा चुना पार पोकळ केला होता, दीड-दोन फूट उंचीपर्यंत. तो सगळा काढून पुन्हा भरला.

दारं शेवटी केली. वाड्याची दारं आत उघडतात, म्हणजे आतून अडसर लावता येतो. गाडीखान्याची बाहेर उघडतात, कारण आत गाडी उभी असते. वाड्याची दारं दगडी उखळीत फिरतात. इथे चिऱ्यांत शिसं ओतून बसवलेले लोखंडी खुंट आणि त्यावर लांब पट्ट्यांच्या बिजागऱ्या. चारांपैकी दोन फळ्या जुन्या मिळाल्या, त्यांवरून बाकीच्या केल्या. रंग खरवडताना वरचा हिरवा, खाली राखाडी, सगळ्यात खाली गेरू लागला. आम्ही हिरवा दिला, मामीच्या अंड्यांची भरपाई म्हणून.

पहिला पावसाळा झाला. छप्पर गळलं नाही, कमान हलली नाही, पण पश्चिमेच्या भिंतीला पायाशी ओल आली. पागोळ्या पडतात तिथली दगडी पन्हळ मागे कधीतरी मुरमाने बुजवून अंगण उंच केलं आहे, पाणी भिंतीकडे परततं. मुरूम उपसून पन्हळ मोकळी करायची आहे. पाथरवट ऊस तुटल्यावर येतो म्हणालाय. तोपर्यंत ट्रॅक्टर त्या भिंतीला लावू नको, चाकाने मुरूम आणखी दाबला जातो, असं मामाला सांगितलंय. तो तिथेच लावतो. ऊन लागत नाही म्हणतो.